सरड्याची साक्ष

पाखरं माणसांसारखीच भांडत होती, त्या काळातली ही गोष्ट. ऐन वैशाखात परसात मोगरा फुलला होता, शेवग्यावर भुंगे घुमत होते. पण जास्वंदीतल्या बुलबुलबाईंना त्याचं कौतुक नव्हतं. घरट्यात अंडी होती आणि खाली सातभाई पाचोळा उपसत कलकलत होते.

"एवढा गोंगाट करतात म्हणजे काहीतरी लपवतायत," त्या कुंपणावरच्या सरड्याला म्हणाल्या. "माझ्या अंड्यांवरच डोळा आहे ना मेल्यांचा?"

सरड्याने मान हलवली. सरडा जन्मभर मानच हलवतो, पण संशयाला तेवढं पुरतं.

"चालते व्हा, चोरांनो!"

"अहो बाई, आम्ही किडे शोधतोय," थोरला सातभाई म्हणाला. "तुमच्या अंड्यांचं काय लोणचं घालू?" तरी सगळे उठून शेजारच्या परसात गेले.

दुपारी बोका आला. मांजर दिसताच आरडाओरडा करून सगळ्यांना सावध करणारे सातभाई आता तिथे नव्हते. अंडी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात बुलबुलबाईंनी शेजारच्या परसात, सातभाईंच्या डोक्यावरच घरटं बांधलं. त्या अजून त्यांना चोरच म्हणतात. पण ते घटकाभर गप्प झाले, की बाईंचा जीव थाऱ्यावर राहत नाही.