कोणत्याच फांदीवर न बसलेली ढोकरी

एका तळ्यात बाभळींचं बेट होतं, आणि त्या बेटावर घरटं करायचं तर एक नर आणि एक मादीच लागे, असा कायदा होता. इतर कुणी जोडीनं राहिलं तर कोणी अडवत नसे. पण बेटावरच्या नोंदी ठेवणाऱ्या खंड्याच्या वहीत त्यांची नावं चढत नसत. बेटाच्या सभेला दोनच फांद्या होत्या. एकीवर उगवतीचा थवा बसे, दुसरीवर मावळतीचा. दोघांचं एकमेकांशी जन्माचं वैर होतं, पण या कायद्यावरून त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं.

कुसुंबी नावाची ढोकरी, म्हणजे छोटी मातकट बगळी, रानू नावाच्या दुसऱ्या ढोकरीबरोबर सात हंगाम राहिली. आठव्या हंगामात वादळात रानू गेली. तिसऱ्या दिवशी रानूचे भाऊ आले.

"तू इथं कोण?" थोरल्यानं विचारलं.

"मी तिची."

"तशी नोंद नाही," तो म्हणाला. आवाज न चढवता त्यानं तिला घरट्यातून उतरवलं.

कुसुंबी घरट्याघरट्याशी जाऊन हे सांगू लागली. कुणी हसलं, कुणी पिल्लांना पंखाखाली घेतलं. एका म्हाताऱ्या बगळीनं मात्र तिला बसवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमचे हे गेले तेव्हा मला असं कुणी विचारलं असतं, तर मी त्याचा डोळा फोडला असता." चार वर्षं ती असंच सांगत फिरली, तेव्हा सभेनं कायदा बदलला. पहिली नोंद दिगू आणि सोमा या दोन नर पाणकावळ्यांची झाली. ती पाहायला कुसुंबी गेली होती. तिच्या स्वतःच्या नावाशेजारी लिहायला आता कुणी उरलं नव्हतं.

पुढे ती सभेसाठी उभी राहिली. दोन्ही थव्यांनी तिला बोलावणं धाडलं. ती कुणाकडेच गेली नाही, तरी निवडून आली. सभेच्या दिवशी तिला फांदी नव्हती, म्हणून ती झाडाखाली चिखलात उभी राहिली आणि तिथूनच बोलू लागली.

त्या उन्हाळ्यात पलीकडचं तळं आटलं आणि चित्रबलाकांचा एक जथा बेटावर उतरला. त्यांची वडीलधारी गंगव्वा. त्यांना ठेवावं की हाकलावं, यावर सभा बसली. उगवतीचे म्हणत ठेवा, मावळतीचे म्हणत हाकला. दोन्हीकडची मतं अगदी सारखी होती, म्हणजे निकाल कुसुंबीच्या एका मतावर होता.

सभेच्या दिवशी सकाळीच दिगू कुसुंबीकडे आला.

"ताई, गंगव्वा आमच्याकडे पाठ करून बसते. पिल्लांना सांगते, ते घरटं नव्हे. उद्या यांची संख्या वाढली की आमची नोंद पुसतील."

"पुसतीलही," कुसुंबी म्हणाली.

"मग?"

"तिकडे पाणी नाही, दिगू."

तिला गंगव्वा मुळीच आवडत नसे. आदल्याच दिवशी वाटेत समोर आल्यावर गंगव्वानं तिच्याकडे बघून चोच पुसली होती. दिगूची भीतीही तिला खरीच वाटत होती. सभेत तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती चिखलातून एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "राहू देत."

जथा राहिला. दिगूनं तिच्याशी बोलणं सोडलं. पुढच्या निवडणुकीत तिला मोजकीच मतं मिळाली. चित्रबलाकांना अजून मत नव्हतं, आणि ज्यांना होतं त्यांतल्या बहुतेकांना तिचा राग होता. उगवतीच्या थव्यानंही तिची आठवण ठेवली नाही. कुसुंबी काठावर मासे धरू लागली. हरल्याचं तिला फारसं दुःख झालं नाही. फक्त दिगूचं घरटं दिसेल अशा बाजूला ती जात नसे.

एका सकाळी दोन तरुण चित्रबलाक तिच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. दोघी माद्या होत्या.

"इथं दोघींची नावं लिहून घेतात म्हणे," त्यांतली धीट विचारू लागली. "कुठं?"

कुसुंबीनं खंड्याचं झाड दाखवलं. दोघी निघाल्या. त्यांच्या मागे दहा पावलांवर गंगव्वा होती. धीट होती ती तिचीच लेक. गंगव्वानं मान पार पाण्याकडे फिरवलेली होती, लेकीकडे नाही आणि कुसुंबीकडे तर नाहीच. पण ती त्यांच्या मागोमाग चालत होती, आणि तिच्या चोचीत घरट्यासाठी निवडून आणलेली एक ओली, लवचीक काटकी होती.