चाळीस रिकामे शंख

एका खाडीच्या मुखाशी, सुरूच्या बनाखालच्या वाळूवर, एक म्हातारा खेकडा जुने शंख देण्याघेण्याचा धंदा करून राहत असे. मुलांनो, हा खेकडा म्हणजे ओढ्याच्या बिळात दिसणारा टणक पाठीचा खेकडा नव्हे. याच्या नांग्या मजबूत, पण मागचे अंग अगदी लोण्यासारखे मऊ. म्हणून ही सगळी जात जन्मभर शंखात राहते. समुद्रातली एखादी गोगलगाय मेली की तिचा शंख मागे उरतो. तो हे लोक पाठीवर चढवतात, अंग वाढले की सोडतात आणि मोठा शोधतात. शंखाशिवाय यांना एक दिवसही काढता येत नाही.

म्हातारा सकाळच्या ओहोटीला निघे. लाटांनी टाकलेले शंख लोटत लोटत आणी, आतली वाळू उपसे आणि लहानापासून मोठ्यापर्यंत सगळे शंख वाळूवर मांडून ठेवी. जुन्या मालाचा धंदा असून तो खोटे बोलत नसे, हे नवलच म्हणायचे. गिऱ्हाईक आले की तो म्हणे, "हा घे. एकाच गोगलगाईने वापरलाय, खडकावर कधी आपटलेला नाही." आणि लगेच पुढे सांगे, "तो मात्र नको घेऊस. दिसायला झकास आहे, पण तोंडाशी चीर गेलीय. ऐन भरतीत दगा देईल." मोबदल्यात तो गिऱ्हाइकाचा जुना शंख ठेवून घेई. तोच पुढे एखाद्या धाकट्याच्या उपयोगी पडे.

या धंद्याची एक रीत होती. एखादा चांगला मोठा शंख हाती आला की म्हातारा नांगी आपटून हाक देई. मग सगळे खेकडे आकाराप्रमाणे ओळीत उभे राहत, सगळ्यांत मोठा पुढे आणि सगळ्यांत धाकटा शेवटी. "हं, बदला!" म्हातारा म्हणे. पुढचा नव्या शंखात शिरे, दुसरा पहिल्याच्या सोडलेल्या शंखात, तिसरा दुसऱ्याच्या, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीस-पंचवीस जणांची घरे बदलून होत. मऊ पाठ उघडी पडे ती तेवढ्यापुरतीच. त्या वेळी कोणी कोणाला ढकलत नसे, कारण म्हातारा तिथे उभा असे.

या ओळीत एक खेकडी असे. ती हरभऱ्याएवढी होती तेव्हापासूनचे तिचे सगळे शंख म्हाताऱ्यानेच दिलेले. ती त्याला आबा म्हणे. त्या वर्षी तिच्या पोटाशी पहिल्यांदाच अंडी आली होती, आणि या जातीत अंडी शंखाच्या आतच सांभाळावी लागतात. तिचा शंख इतका तंग झाला होता की जरा वळले तरी अंडी दाबली जात. म्हाताऱ्याने तिच्यासाठी एक ऐसपैस शंख हेरून ठेवला होता. फक्त त्याच्या आतल्या वेढ्यात जुनी वाळू दगडासारखी घट्ट बसली होती. म्हातारा ती रोज थोडी थोडी कोरून काढत होता.

"आठ दिवस कळ काढ, बाई," तो म्हणाला. "घाईने कोरला तर तडकेल. मग तुलाही नाही आणि कोणालाच नाही."

पण त्या आठ दिवसांत भलतेच घडले. म्हाताऱ्याच्या मांडामांडीपासून हातभर अंतरावर एका टिटवीने उघड्या वाळूवर चार अंडी घातली होती. खेकड्यांची ओळ लागली की तिची शेपटी नेमकी टिटवीच्या अंड्यांना जाऊन भिडे. टिटवी घाबरून उडे आणि अंडी उन्हात तापत. तिने म्हाताऱ्याला दोनदा सांगून पाहिले. म्हातारा दोन्ही वेळा म्हणाला, "हो हो, बघतो हं," आणि कामाच्या नादात विसरून गेला. शेवटी टिटवी किनाऱ्याच्या सभेकडे गेली. तिचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. आई होती ती.

सभेने दोन वर्षांपूर्वीच वाळूवर रेघ ओढून ठरवून दिले होते : वरची वाळू घरट्यांसाठी, खालची वाळू येण्याजाण्यासाठी आणि धंद्यासाठी. म्हाताऱ्याची जागा रेघेच्या वर येत होती. त्याचे वाडवडील रेघेच्या कितीतरी आधीपासून तिथेच बसत आले होते, त्यामुळे आजवर कोणी हटकले नव्हते. आता तक्रारच आली म्हटल्यावर सभेला जागेची पाहणी करणे भाग पडले. सभेचा अध्यक्ष होता बगळा. बगळा तासन्‌तास एका पायावर उभा राहतो, त्यामुळे तो सारखा विचार करीत असतो असा सगळ्यांचा समज झालेला. त्याने निरोप धाडला : "येत्या अष्टमीला ओहोटीच्या वेळी जागेवर येऊ. दोन्ही बाजूंचे ऐकू. ज्याला धंदा राहावा असे वाटते त्याने येऊन तसे सांगावे."

म्हातारा मुळीच घाबरला नाही. तो खेकड्यांकडे घरोघर फिरला. "मी काय बोलणार? माझेच दुकान, मी त्याला चांगलेच म्हणणार. तुम्ही दोन शब्द बोललात तर त्याला वजन येईल," तो प्रत्येकाला सांगत होता. सगळ्यांनी शब्द दिला. खेकडीने तर नांगी उंचावून सांगितले, "आबा, सगळ्यांच्या आधी मी बोलेन. तुम्ही निर्धास्त राहा."

आणि ते खोटे नव्हते हो. तिने काय बोलायचे ते चार दिवस घोकले होते. टिटवीला त्रास होतो हे खरे आहे, तर ओळ यापुढे दुसऱ्या अंगाने लावू, मधे वाट सोडू, पण आबांना उठवू नका, असे ती सांगणार होती. किती साधी तोड होती ती! म्हाताऱ्यालाही सुचली नव्हती.

अष्टमीची सकाळ आली. चाळीस खेकडे म्हाताऱ्याच्या मागे येऊन बसले. बगळा आला. त्याच्याबरोबर नोंद ठेवायला खंड्या पक्षी आला आणि एका काटकीवर बसला. सभेच्या दिवशी कोणी कोणाला खायचे नाही, हा किनाऱ्याचा जुना नियम. बगळ्याने तो सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणून दाखवला आणि तो पाळणाराही होता.

टिटवीने आपले गाऱ्हाणे मांडले. मग म्हातारा म्हणाला, "अध्यक्षमहाराज, मी जुन्याचा व्यवहार करतो. माझ्याकडे मोडकेतोडके दिसत असेल, पण त्यावर चाळीस घरे चालतात. ती घरे इथेच बसली आहेत. त्यांनाच विचारा."

"बरोबर आहे," बगळा म्हणाला. "कोण बोलणार?" आणि आवाज नीट ऐकू यावा म्हणून तो दोन पावले पुढे आला.

दोन पावलेच. पण त्याची लांबलचक सावली चाळीस जणांवर पडली, आणि पिढ्यान्‌पिढ्या बगळ्याची सावली पडली की ही जात जे करीत आली तेच तिने केले. खट्‌ खट्‌ खट्‌! चाळीसही जण शंखात शिरले. नांग्यांनी दारे लावून घेतली. वाळूवर एकटा म्हातारा तेवढा बाहेर उरला. त्यालाही भीती वाटली होती, पण तो आत गेला नाही.

खेकडी आतल्या अंधारात बसली होती. आजच्या दिवशी बगळा खाणार नाही हे तिला ठाऊक होते. ती पायांना सांगत होती, "चला बाहेर." पाय ऐकत नव्हते. अंडी पोटाशी दाबली जात होती. मग तिच्या मनात आले, आपण एकट्या नाही बोललो म्हणून काय बिघडते? अजून एकोणचाळीस आहेत. कोणीतरी बोलेलच. हा विचार येताच तिला फार बरे वाटले. मुलांनो, बाकीच्या एकोणचाळीस जणांनाही त्याच विचाराने नेमके तितकेच बरे वाटत होते.

"इथे तर नुसते शंखच दिसतात," बगळा म्हणाला.

"रिकामे नाहीत, महाराज," म्हातारा घाईघाईने म्हणाला. "आत माणसं आहेत माझी." तो वळला, खेकडीच्या शंखापाशी आला आणि त्याने हळूच नांगी वाजवली. "बाई, एक शब्द बोल. एकच."

ती टकटक तिला अंगभर ऐकू आली. म्हाताऱ्याने थोडी वाट पाहून पुन्हा टकटक केली. ती आणखी आत सरकली. मग नांगी बाजूला झाली, आणि आबांची पावले दूर जाताना तिने ऐकली.

टिटवीसुद्धा इकडेतिकडे पाहत होती. कोणीतरी काहीतरी म्हणेल, काहीतरी तडजोड निघेल, असे तिलाही वाटले होते. कोणीच काही म्हणेना. बगळ्याने बराच वेळ थांबून पाहिले. मग खंड्याने नोंद वाचून दाखवली : "हरकत घेणारी, एक टिटवी. धंद्याच्या बाजूने बोलणारे, कोणी नाही. जागेवर आढळलेला माल, चाळीस रिकामे शंख." निकाल झाला. वरच्या वाळूवर शंखांचा धंदा करता येणार नाही. खालची वाळू धंद्यासाठी असली तरी भरतीत बुडते, तेव्हा तिथेही मांडता येणार नाही. काळ्या खडकापलीकडे जागा आहे, तिकडे जावे.

बगळा उडाला. सावली गेली. आणि चाळीस तोंडे एकदम बाहेर आली. काय तो गलका! "अन्याय आहे हा!" "आबांसारखा माणूस, आणि त्यांना उठवतात म्हणजे काय!" "मी बोलणारच होतो, तेवढ्यात निकाल दिला." जो तो दुसऱ्यापेक्षा मोठ्याने ओरडत होता. म्हातारा मुकाट्याने शंख गोळा करीत होता. तो कोणावर रागावला असता तर बरे झाले असते. तो रागावला नाही.

खेकडी खाली मान घालून त्याच्यापाशी गेली. "आबा, मी..."

"अगं, असू दे," म्हातारा म्हणाला. "भीती वाटते. मलाही वाटली." मग त्याने तो ऐसपैस शंख तिच्यापुढे लोटला. "हा आजच घेऊन जा. आतला वेढा थोडा राहिलाय, टोचेल. इथे राहिलो असतो तर पुरा करून दिला असता." तिने तो घेतला. नको म्हणायलाही तिला तोंड नव्हते.

काळ्या खडकापलीकडे लाटा थेट अंगावर येतात. तिथे शंख मांडायचा म्हणजे प्रत्येक लाटेनंतर पुन्हा मांडायचा. तिथवर चालत जायला धाकट्यांना जमेना आणि मोठ्यांना सवड होईना. पौर्णिमेच्या उधाणाने खडकावरचा सगळा माल धुऊन नेला. म्हातारा मालाच्या मधेच उभा होता, असे एका मासोळीने सांगितले. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही.

मग ओळ मोडली. वाळूवर एखादा शंख वाहून आला की दहा जण त्यावर तुटून पडत, आणि त्या ओढाताणीत दोन-तीन उघड्या पाठी कावळ्याच्या चोचीत जात. ज्यांना शंख मिळेना ते बाटलीचे बूच, नारळाच्या करवंटीचा तुकडा, जे मिळेल ते पाठीवर घेऊन फिरू लागले. बूच काही वाढत्या अंगाला पुरत नाही. चाळीसचे तीस झाले, तिसाचे अठरा.

खेकडीची पिल्ले सुखरूप समुद्रात गेली. पण आतला वेढा तिला रात्रंदिवस टोचत असे. एके दिवशी तिला राहवेना. ती वर, आबांच्या जागेपाशी गेली. तिथे आता काहीच नव्हते. ती मोकळ्या वाळूपुढे उभी राहिली आणि घोकलेले सगळे शब्द तिने मोठ्याने, एकही न चुकता म्हटले. ओळ दुसऱ्या अंगाने लावू. मधे वाट सोडू. पण आबांना उठवू नका.

तिला वाटले, ऐकणारे कोणी नाही. पण जवळच टिटवी आपल्या पिल्लांना पंखांखाली घेऊन बसली होती. तिने ते सगळे ऐकले. मग म्हणाली, "मला तरी दुसरे काय हवे होते गं? हे त्या दिवशी म्हणाली असतीस, तर मी तिथल्या तिथे तक्रार मागे घेतली असती."

तात्पर्य : ज्याची बाजू आपल्याला पटते, त्याच्यासाठी बोलायची वेळ येते तेव्हाच बोलावे. मनातल्या मनात दिलेली साथ कोणाच्या नोंदीत येत नाही, आणि मागाहून काढलेला आवाज गेलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही.