कोल्ह्याची सरळ घसरगुंडी

बर्फाळ डोंगराच्या एका उतारावर एक कोल्हा राहत असे. घसरगुंडी म्हटली की त्याच्या अंगातच यायचं! थंडी पडून बर्फ साचला, की देवदाराच्या गळून पडलेल्या सालीवर बसायचं आणि झाडांमधून वळणं घेत सुसाट खाली यायचं, हा त्याचा रोजचा उद्योग. शेपटी मात्र वर धरावी लागे, नाहीतर ती वळणावर हमखास कुठेतरी अडकायची. त्या वर्षी पलीकडच्या डोंगरावरचं पाणमांजर त्याला बजावून गेलं होतं, "थंडीतल्या पहिल्या पौर्णिमेला सकाळी आम्ही शर्यतीला तुमच्याकडे येतो. पण घसरगुंडी धड नसेल, तर यापुढे शर्यत कायमची आमच्याच डोंगरावर!"

मुलांनो, त्या दिवसापासून कोल्ह्याला ना भूक, ना झोप. पलीकडची घसरगुंडी त्याने पाहिली होती. चांगली रुंद, सरळ आणि मध्ये एकही झाड नाही. तो धावतच अस्वलाकडे गेला. "अस्वलदादा, उतारावरची तेवढी झाडं उपटून द्या ना! तुमच्यासारखा ताकदीचा गडी या डोंगरावर दुसरा आहे कोण?" एवढं ऐकल्यावर अस्वल कशाला मागे राहतंय? त्याने एकेका तरण्या देवदाराला मिठी घातली आणि उपटून बाजूला टाकलं.

तिथेच एका देवदाराच्या बुंध्याशी ससा राहत होता. तो बिळातून डोकं काढून म्हणाला, "अरे कोल्होबा, ही झाडं आहेत म्हणून तर…"

"ससोबा, तुम्ही नुसते बघत राहा! डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली पोचू!" कोल्ह्याने त्याचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. अर्धा उतार मोकळा झाल्यावर अस्वलाने भली मोठी जांभई दिली. "आता मला झोप आवरत नाही. उरलेली झाडं थंडी संपल्यावर पाडू," असं म्हणून ते गुहेत शिरलं.

पुढे बर्फ पडला आणि कोल्हा आनंदाने नाचला. पण त्याचा नाच दोनच दिवस टिकला. मोकळ्या उतारावर वारा असा काही सुटला, की भुसभुशीत बर्फ उचलून त्याने दरीत नेऊन टाकला. उरलासुरला उन्हाने वितळवला. दगड उघडे पडले आणि पौर्णिमा तर परवावर आली! कोल्ह्याचं धाबं दणाणलं. वरच्या बाजूला एक झरा होता. "याचं पाणी उतारावर सोडतो. गारठ्याने त्याचाच बर्फ होईल!" असं म्हणून त्याने दगड रचून झरा वळवला. पण माती धरून ठेवायला मुळं होती कुठे? पाण्याबरोबर माती वाहिली आणि घसरगुंडीचा नुसता चिखल झाला. तेवढ्यात खालून रानबकऱ्यांचा कळप तहानेने व्याकूळ होऊन वर आला. "आमचं पाणी कुठे गेलं रे?"

चिखलात बसलेल्या कोल्ह्याला रडूच फुटलं. "मी हे काय करून बसलो!" तो म्हणाला. पण रडत बसला नाही. आधी जाऊन त्याने दगड बाजूला केले आणि झरा होता तसा वाहू दिला. मग मान खाली घालून सशासमोर उभा राहिला. "ससोबा, तुमचं त्या दिवशीचं बोलणं अर्धंच राहिलं होतं."

"झाडं वारा अडवतात, ऊन अडवतात," ससा म्हणाला. "आता जरा झाडं शाबूत आहेत त्या बाजूला जाऊन बघ."

कोल्ह्याने तिकडे उडी मारली आणि थेट कानापर्यंत बर्फात बुडाला! "अहो, इथे तर बर्फच बर्फ! पण… इथे वळणंही केवढी आहेत!"

"मग वळ की!" ससा म्हणाला.

पौर्णिमेला सगळा डोंगर गोळा झाला. "एक, दोन, तीन… सुटा!" ससा ओरडला. पाणमांजर पुढे, कोल्हा मागे! डावीकडे वळण, उजवीकडे वळण, बर्फाचे फवारे, रानबकऱ्यांचा आरडाओरडा! शेवटच्या वळणावर कोल्ह्याने शेपटी वर केली. पाणमांजराने केली नाही. त्याची शेपटी फांदीत अडकली आणि कोल्हा नाकाच्या शेंड्याने जिंकला!

पाणमांजर बर्फ झटकत उठलं. आता ते चिडणार, असं सगळ्यांना वाटलं. पण ते धापा टाकत हसत होतं. "अहो, आमच्या सरळ उतारावर तर येता येता डुलकी लागते! चला, पुन्हा एकदा! आणि जाताना आम्हाला देवदाराचं थोडं बी द्या."

थंडी संपली. अस्वल आळोखेपिळोखे देत बाहेर आलं आणि म्हणालं, "चल कोल्होबा, उरलेली झाडं पाडून टाकू!"

कोल्हा धावत जाऊन देवदाराला पाठ लावून उभा राहिला. "आधी मला उपटा, मग झाडाला हात लावा!" अस्वल बघतच राहिलं. मग कोल्ह्याने त्याला सगळी हकिकत सांगितली आणि बियांची मूठ पुढे केली. "दादा, ताकद तुमचीच लागणार आहे. फक्त या वेळी खड्डे खणायचे आहेत."

अस्वलाने पहिला खड्डा खणला तो मोकळ्या उताराच्या अगदी मधोमध. नव्या वळणाची जागा कोल्ह्याने स्वतः दाखवली होती.

तात्पर्य : ज्या डोंगराच्या जिवावर आपण मौज करतो, त्याला आपल्यासाठी बदलायला जाऊ नये, त्याच्या वळणाने आपण वळावं, म्हणजे डोंगरही राहतो आणि मौजही राहते.