सरदारांची मखमली झूल

सरदार भुजंगरावांनी आपल्या लाडक्या नीलम घोड्यासाठी जरीत आपली मुद्रा भरलेली जड मखमली झूल शिवून घेतली आणि हुकूम सोडला, "हिवाळाभर ही अंगावरून उतरता कामा नये. उतरवील त्याचा हात तोडीन."

एका संध्याकाळी नीलम रपेटीवरून घामाने निथळत आला. झूल आतून ओलीचिंब झाली. घोड्याची निगा राखणारा मोतद्दार येसाजी सरदारांकडे गेला. "सरकार, ओल्या झुलीखाली थंडी भरेल. अंग पुसून कोरडी घोंगडी घालू द्या."

"माझ्या घोड्यावर घोंगडी?" सरदारांनी त्याला हाकलून दिलं.

नीलमच्या छातीत कफ दाटला आणि तो तडफडून मेला. सरदारांनी येसाजीला चौकात बांधून आणवलं. "झूल ओली दिसत होती, तरी काढली नाहीस. याची मान उडवा."

येसाजीची बायको सगुणा पुढे आली. "सरकार, यांनी झूल काढली असती तर?"

"हात तोडला असता."

"म्हणजे तुमचा हुकूम मोडला तर हात जातो आणि पाळला तर मान. हे तलवारवाले ऐकताहेत, सरकार. उद्या तुमचा हुकूम आला, तर त्यांनी काय करावं?"

सरदारांनी शिपायांकडे पाहिलं. एकानेही नजर खाली घातली नव्हती; सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"सोडा त्याला," सरदार पुटपुटले आणि येसाजीकडे वळले. "पण पागेत पुन्हा दिसू नकोस."

दोर सुटले. येसाजीने एवढंच विचारलं, "नीलमला पुरायला तरी जाऊ का?"