अनोळखी उमेदवार

त्या लाकडी सभागृहात आता मक्याचं कोठार आहे, तरी तिथून जाताना म्हातारा हायरम टोपी काढतो. तिथंच एकदा अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरत होता. मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, पण दोन बडे पुढारी हटेनात आणि पक्ष फुटायची वेळ आली. तेव्हा खेड्यातून आलेल्या हायरमनं उठून आपल्या गावच्या वकिलाचं नाव सुचवलं.

त्या दोघांपैकी एक, सिनेटर व्हिटलॉक, गरजले, "अरे, त्याला इथं ओळखतं कोण?"

"कोणीच नाही, साहेब. तुम्हाला मात्र सगळे ओळखतात, म्हणून तर एवढ्या फेऱ्या झाल्या!"

सभागृह खो-खो हसलं. व्हिटलॉकही हसले, आणि पुढच्या फेरीत वकिलाला पहिलं मत त्यांनीच दिलं.

टोपी चढवत हायरम पुटपुटतो, "असे हरणारे आता कुठं राहिलेत?"