बरणीखालची परात

सांगा सांगा म्हणून डोकं खाल्लंत, तर ऐका. मधे बोललात तर उठून जाईन.

आमच्या बाजारात चीनला जाऊन आलेले वैद्यराज चिंचणीकर अवतरले. अंगात कोट, पुढ्यात बरण्या. "मधुमेहावर चिनी जडीबुटींचं चाटण! साखरेचा कणही नाही. रोज चमचाभर चाटा आणि गोळ्या गटारात फेका!"

मधुमेहानं गांजलेल्या केरबानं फेकायला खिशातनं गोळ्यांची पट्टी काढलीसुद्धा. त्याच्या बायकोनं, हौसाबाईनं ती हिसकावून घेतली. याच दुखण्यात नवऱ्याच्या पायाचं एक बोट गेलं होतं. तिनं बरण्यांकडं नीट पाहिलं.

"वैद्यराज, बरण्या पाण्याच्या परातीत का हो ठेवल्यात?"

"अडाणी बाई! मुंग्या लागतात."

"आमच्यातबी गुळाचा डबा असाच ठेवत्यात. पण तुमच्यात तर साखरच न्हाई. मग मुंग्यास्नीबी मधुमेह झालाय व्हय?"

सगळा बाजार खो खो हसला. वैद्यराज बरण्या आवरू लागले.

हौसाबाईनं नवऱ्याच्या तळहातावर गोळी ठेवली. "गिळा, अवो. उरलेली नऊ बोटं मलाच सांभाळायचीत."

केरबानं लाजत गिळली.

मी आदल्या दिवशी, तो वैद्य गावात आला तेव्हाच शंका काढली होती; त्यावर जो मला चारचौघांत म्हातारचळ लागलाय म्हणाला आणि ज्यानं त्या वैद्याला हार घातला, त्यानं अजून माझी माफी मागितलेली नाही. सरपंच बाळू ढमाळ.