पुढे अडकलेली सीट

फार वर्षांपूर्वीच्या एका साध्या मंगळवारी जुन्या गाड्यांच्या आवारात बातमी आली: आज गिऱ्हाईक येणार, आणि हिरवी गाडी खपली नाही तर उद्या भंगारात जाणार. आवारात उघड्या टपाच्या, दोन सीटच्या गाड्या दोनच होत्या: म्हातारी हिरवी आणि तरुण लाल.

“आजी, तुझी डावी सीट पुढेच अडकलीय. बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला!” लाल खिदळली.

“तुझा हॉर्न मात्र झकास. ब्रेकचं विचारत नाही,” हिरवी म्हणाली.

विधुर रणनवरे आले. लालचा हॉर्न वाजवून हसले, मग हिरवीपाशी थबकले.

“पाय टेकायला कुमुदिनीलाही सीट एवढीच पुढे लागायची.”

“सरकवून देतो, साहेब,” मेस्त्री म्हणाला.

“बघू नंतर.”

हिरवी त्यांच्याबरोबर गेली. लाल तेव्हापासून स्वतःची सीट अडकवायच्या खटपटीत आहे. हिरवीची सरकवायची अजून राहिली आहे.